तालुक्याच्या सामानात रेसच्या विमानाचं रेडियल इंजिन

आर्वीकडच्या कुठल्याही बाजाराच्या गावात मोटर वाइंडिंगचं एक तरी दुकान असतंच. व्होल्टेज पडलं, विहिरीवरची मोटर जळली की माणूस ती घेऊन तिथेच येतो. रेसच्या विमानाचं मॉडेल करायला निघालेल्या नवख्याला मी आधी त्याच दुकानात पाठवतो. आता ऑनलाइन सगळं मिळतं, पण रेडियल इंजिन, म्हणजे मधल्या गोलाभोवती चहूबाजूंना सिलिंडर लावलेलं विमानाचं इंजिन, खरं दिसतं ते तांब्याच्या बारीक तारेमुळे, आणि ती तार आपल्या गावातच आहे. २८ गेजची पंधरा मीटर आणि २४ गेजची दीड-दोन मीटर तार मागा. नवीन रिळाची उरलेली टोकंच घ्या. जळालेल्या मोटरीतून उपटलेली तार नको. तिचं इनॅमल करपून सुटत असतं आणि जागोजागी मुरड पडलेली असल्यामुळे ती सरळ गुंडाळली जात नाही. "न्या ना सर, पैसे कायचे त्याचे," असं म्हणणारा दुकानदार मला लाभला. तुम्हाला पैसे पडले तरी रक्कम किरकोळच असेल.

मी उदाहरणाला घेतलंय ते विमान म्हणजे जी बी आर-१. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफिल्डला ग्रॅनव्हिल बंधूंनी ते १९३२ साली बांधलं. लाल-पांढरा रंग, अंगावर ११ हा आकडा, आणि आकार असा की पुढे पिंप अन् मागे छोटीशी शेपटी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्लीव्हलंडच्या शर्यतींत वैमानिक जिमी डूलिटल यांनी ताशी २९६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४७७ किलोमीटरचा, जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा विक्रम केला आणि दोनच दिवसांनी ताशी २५२.६८६ मैल सरासरीने थॉम्पसन ट्रॉफी जिंकली. या विमानाचं नाक म्हणजेच त्याचं इंजिन. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. पंख कितीही गुळगुळीत घासलेले असोत, काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या गोल झाकणाच्या, आत काळी चकती आणि त्यावर नऊ रेघा दिसल्या की मॉडेल खेळणं वाटतं. म्हणून या लेखात सांगाडा, पंख, रंगाचे पट्टे यांबद्दल काही नाही. फक्त इंजिन.

आणि इंजिनाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यासाठीच आहे. नऊही सिलिंडर एकसारखे हवेत. मापात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण नऊच्या नऊ तसेच व्हायला हवेत. डोळ्याला माप कळत नाही. एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, हे मात्र त्याला लगेच कळतं.

हात लावण्याआधी इंजिन समजून घ्या

आर-१ मधलं इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं वॉस्प, आर-१३४०. या जातीचं पहिलं इंजिन १९२५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. नावातला १३४० म्हणजे सगळ्या सिलिंडरांची मिळून घन इंचांतली जागा, म्हणजे जवळपास २२ लिटर. आपल्याकडच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं एक सिलिंडर साधारण एक लिटरचं असतं, वॉस्पचं एकेक सिलिंडर जवळपास अडीच लिटरचं. बाहेरून बाहेर व्यास ५१.७५ इंच, म्हणजे १३१ सेंटिमीटर. हा आकडा लिहून ठेवा, सगळं माप यावरूनच निघतं.

इंजिनाला पाणी नाही, ते हवेवर थंड होतं. म्हणून सिलिंडरभोवती पातळ कंगोरे असतात, फिन्स. ते बघायला अमेरिका गाठायची गरज नाही. दाराशी उभी असलेली मोटारसायकल घ्या, बसा तिच्याजवळ दहा मिनिटं. फिन्सच्या कडा कशा चमकतात, दोन फिन्समधली खाच कशी काळी पडते, धूळ आणि ऑइल कुठे साचतं, हे सगळं तिथे आहे. मी माझ्या वहीत मोटारसायकलच्या इंजिनाचीच चार चित्रं काढली होती आणि रंगवताना तीच उघडून बसलो.

शेजारच्या आठवीतल्या पोराने मला विचारलं होतं, "काका, हे नवही सिलिंडर गरगर फिरते काय?" प्रश्न अगदी योग्य आहे. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांत खरोखरच सगळं इंजिन पंख्यासोबत, म्हणजे प्रोपेलरसोबत, फिरायचं. त्याला रोटरी म्हणत. रेडियलमध्ये सिलिंडर जागेवर पक्के असतात, आत फक्त दांडा फिरतो. मॉडेलमध्ये पंखा फिरता ठेवायचा आणि इंजिन पक्कं बसवायचं, ते यासाठी.

एका ओळीतल्या सिलिंडरांची संख्या विषम असते. ठिणगी एकाआड एक पडत जाते, १-३-५-७-९-२-४-६-८, आणि संख्या विषम असली तरच दोन फेऱ्यांत सगळ्यांचा नंबर सारख्या अंतराने लागतो. त्यामुळे कोन सोपा पडतो म्हणून आठ सिलिंडरांचं इंजिन करायला जाऊ नका. चौदा सिलिंडरांची इंजिनं असतात, पण ती सात-सात अशा दोन ओळींची. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला येत, थैल्यांची अदलाबदल करून परत जात. ती डकोटा विमानं होती आणि त्यांना अशीच दोन ओळींची इंजिनं होती. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी रेडियल इंजिनांचा आवाज डोक्यावरून जाताना ऐकलेला असणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक नंबरचा सिलिंडर बरोबर वर असतो, घड्याळातल्या बाराच्या जागी. नऊ सिलिंडर असल्यामुळे सहाच्या जागी सिलिंडर येत नाही, तिथे पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरमधली फट येते. त्या फटीत ऑइल जमा होण्याचं भांडं, सम्प, लटकलेलं असतं. नवख्यांची मॉडेलं मी पाहिली आहेत, त्यात हीच चूक सर्रास दिसते. इंजिन उलटं बसतं, वर फट आणि खाली सिलिंडर. क्रँककेसवर, म्हणजे ज्यावर सगळे सिलिंडर बसतात त्या मधल्या गोल भागावर, वरची खूण पहिल्या मिनिटाला करा आणि शेवटपर्यंत पुसू देऊ नका.

फोटो जमवताना हार्वर्ड विमानाचे फोटो शोधा. भारतीय हवाई दलाचे वैमानिक कैक वर्षं त्याच विमानावर शिकले आणि त्याचं इंजिन वॉस्पच आहे. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात हार्वर्ड आहे.

माप

मी १:१६ प्रमाण धरलं. पंखांची लांबी खऱ्यात २५ फूट, मॉडेलमध्ये साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. इंजिन ८२ मिलिमीटर. हाताला नीट येतं आणि डोळ्यांवर ताण पडत नाही. किट विकत घेतलं असेल तर १:३२ ला इंजिन ४१, १:४८ ला साधारण २७ आणि १:७२ ला १८ मिलिमीटर होतं. १:४८ आणि त्याहून लहान असेल तर सिलिंडर घडवत बसू नका. किटमधलेच घ्या, फक्त पुशरॉड (सिलिंडरच्या झडपा ढकलणाऱ्या दांड्या) आणि तारा नव्या लावा आणि रंगाचा भाग नीट वाचा.

८२ मध्ये क्रँककेस किती आणि सिलिंडर किती, हे फोटोवर पट्टी ठेवून काढलं. क्रँककेस ३६ मिलिमीटर धरली. तिच्यावर नऊ सपाट बैठका घासायच्या आहेत. एका बैठकीची रुंदी म्हणजे व्यास गुणिले ०.३४. ३६ ला ती १२.२ येते. म्हणजे सिलिंडर फिन्ससकट १२ च्या आत बसला पाहिजे, नाहीतर शेजारी एकमेकांना धक्के देतात. दुसऱ्या कुठल्या प्रमाणात काम करणार असाल तर हा गुणाकार आधी करून बघा.

क्रँककेस

हे सुताराचं काम. ज्याच्याकडे लाकूड कातायचं खराद आहे, त्याच्याकडून ३६ मिलिमीटर जाडीचा गोल दांडा करून घ्या. त्याची १४ मिलिमीटरची चकती कापा. समोरचं नाक वेगळं कातून घ्या, निमुळतं, चकतीकडे रुंद आणि पुढे १२ मिलिमीटर. या वॉस्पमध्ये पंखा थेट दांड्यावर बसतो, मध्ये गिअर नाहीत, त्यामुळे नाक लहान आणि साधं असतं. त्याच वेळी ११ मिलिमीटर जाडीचा फूटभर लांब दांडाही मागा, तो सिलिंडरांना लागेल. फक्त पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं कातण्यात सगळे खरादवाले बुडालेले असतात, तुमच्या चकतीला हातही लागणार नाही.

कंपासपेटीतला कोनमापक घ्या. चकतीच्या मध्यातून ४०-४० अंशांवर नऊ रेघा काढा, पहिली बरोबर वरच्या खुणेवर. या रेघा म्हणजे सिलिंडरांचे मध्य. दोन रेघांच्या बरोबर मधोमध, २० अंशांवर, कडेला खूण करा. शेजारच्या दोन खुणा जोडल्या की बैठक मिळते. चपट्या कानशीने तेवढंच घासा. प्रत्येक बैठकीच्या मध्यात २ मिलिमीटरचं भोक पाडा. सायकलच्या आऱ्याची जाडी तेवढीच असते. तुटक्या आऱ्यांचे १० मिलिमीटरचे तुकडे खुंट्या म्हणून वापरायचे. नाकातून आणि चकतीतून आरपार एक भोक पंख्याच्या दांड्यासाठी ठेवा.

सिलिंडर

इथे थांबून काम करायचं आहे. आठ दिवस लागले तरी लागू द्या.

माझं पहिलं इंजिन मी ठिबकच्या नळीचं केलं होतं. संत्र्याच्या बागेत १२ मिलिमीटरच्या लॅटरलचे तुकडे पडलेले असतात, माप जवळपास बरोबर, फुकटही. नऊ तुकडे कापले, तार गुंडाळली, सुपरग्लूने चिकटवली, रंगही दिला. चौथ्या दिवशी दोन सिलिंडर हातात आले. मग बोट लागेल तो सुटत गेला आणि रंगाचे पापुद्रे निघाले. ठिबकची नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला ना गोंद धरत ना रंग. महिन्याभराचं काम गेलं. म्हणून लाकडाचा दांडाच घ्या.

११ मिलिमीटरच्या दांड्याचे १३ मिलिमीटरचे नऊ तुकडे करायचे. प्रत्येक वेळी पट्टीने मोजून कापू नका. एका फळीवर दांडा बसेल अशी खाच करा, खाचेच्या टोकाला खिळा ठोका, त्यापासून १३ मिलिमीटरवर करवतीसाठी चीर पाडा. दांडा खिळ्याला टेकवायचा, चिरेतून कापायचा. दहा तुकडे करा, एक बिघडतोच. खालच्या बाजूने मध्यात २ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा.

आता तार. नुसती एकाला एक लावून गुंडाळली तर फिन्सच्या मध्ये खाच दिसत नाही, दोऱ्याची रिळ दिसते. मोकळी गुंडाळली तर अंतर कमीजास्त होतं. उपाय असा की २८ गेजच्या दोन तारा शेजारी शेजारी धरून एकदमच गुंडाळायच्या. तुकड्याच्या खालच्या टोकाला सुईने दोन बारीक भोकं पाडा, दोन्ही तारांची टोकं त्यांत खोचा. तुकडा एका हातात सावकाश फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तारा ताणून धरा. अंगठ्याखालून तार सरकताना खरखर लागली की समजा वर चढली, तिथेच थांबून मागे घ्या. बारा मिलिमीटरमध्ये साधारण सोळा जोडवेढे बसतात. वर पोचल्यावर एकीचं टोक पक्कं खोचा. आता दुसरी तार वरून सोडवत खालपर्यंत उलगडून काढून टाका. राहिलेल्या तारेच्या प्रत्येक वेढ्यात बरोबर एका तारेएवढी फट उरते. नऊही सिलिंडरांवर, न मोजता. पहिल्यांदा ही दुसरी तार सुटून आली आणि खाली स्वच्छ खाचा दिसल्या, तेव्हा मी तो तुकडा कितीतरी वेळ उजेडात फिरवून पाहत होतो. त्यावर सुपरग्लू पातळ पसरवा, काडीच्या टोकाने, खाचा भरू न देता.

एका सिलिंडरला प्रत्येक तारेची साधारण साठ सेंटिमीटर लांबी लागते. काढून टाकलेली तार वळणावळणाची होते, ती पुन्हा वापरू नका.

हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोपीचे, फिन्स अधिक रुंद असतात, ते तारेने जमत नाहीत. त्यासाठी लग्नपत्रिका. चांगल्या जाड पत्रिकेचा पुठ्ठा ०.३५ मिलिमीटरच्या आसपास असतो. गॅरेजवाल्याकडे गॅसकेट कापायचे गोल पंच असतात, १४ आणि १२ मिलिमीटरचे मागून घ्या आणि त्याच्याच लाकडी ठोकळ्यावर बसून काम उरका. एका हेडला १२ मोठ्या आणि १२ लहान चकत्या, म्हणजे नऊंना मिळून १०८ मोठ्या आणि १०८ लहान. एक मोठी, एक लहान अशी फेविकॉलने रचत जा. रचताना बाजूला काटकोनात उभा ठोकळा ठेवा, नाहीतर चळत झुकते. वाळल्यावर कडांना सुपरग्लू पाजा. कागद तो पिऊन घेतो आणि प्लास्टिकसारखा टणक होतो. मग पॉलिश पेपरने कडा हलक्या हाताने घासता येतात.

हेडच्या माथ्यावर एम-सीलचा अडीच मिलिमीटरचा घुमट द्या. घुमटाच्या दोन बाजूंना रॉकर बॉक्स, समोरून बघितलं की दोन कान वाटतात. अठरा कान हाताने एकसारखे होत नाहीत. एकच लाकडात नीट कोरा, गुळगुळीत करा, खोबरेल तेलाचं बोट लावून एम-सीलच्या गोळ्यात दाबा आणि गोळा कडक होऊ द्या. हा झाला साचा. साच्याला तेल लावून त्यात एम-सील दाबून दाबून अठरा कान काढा. चिकटवण्याआधी तेल साबणाने धुऊन टाका.

सगळं मिळून सिलिंडर २४ मिलिमीटर उंच झाला पाहिजे. बैठका घासल्यावर क्रँककेसच्या मध्यापासून बैठक १७ वर येते, १७ आणि २४ मिळून ४१. बरोबर निम्मा व्यास.

रंग जोडण्याच्या आधी

सिलिंडर सुटे असतानाच रंगवा. जोडल्यावर मधल्या खाचांत ब्रश जात नाही.

सगळ्या सिलिंडरांना आधी काळा रंग, चकाकी नसलेला. पूर्ण वाळल्यावर हेडवर ॲल्युमिनियम रंग कोरड्या ब्रशने. ब्रश रंगात बुडवायचा, जुन्या कापडावर पुसत पुसत जवळजवळ रिकामा करायचा आणि फिन्सच्या आडव्या दिशेने हलकेच फिरवायचा. कडा उजळतात, खाचा काळ्या राहतात. खालच्या तारेच्या भागाला ॲल्युमिनियम लावू नका. तो भाग पोलादाचा असतो, गडद दिसतो. तिथे सहा-बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळा. हाच फरक, वर ॲल्युमिनियम आणि खाली पोलाद, इंजिनाला वजन आणतो. क्रँककेस आणि नाक फिकट राखाडी. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचा तो ओळखीचा रंग आहे. तरी तुमच्या विमानाचा फोटो बघूनच ठरवा, कारण तीसच्या दशकात रंगात फरक असायचे.

स्प्रे वापरत असाल तर आपल्या हवेकडे लक्ष द्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी मारलेला स्प्रे पृष्ठभागावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि अंगावर भुकटी बसल्यासारखं खरखरीत होतं. पहाटे सहाच्या आत उरका. पावसाळ्यात उलट, दमट हवेत लॅकर पांढरट पडतं. झडीच्या दिवसांत स्प्रेला हातच लावू नका, ब्रशची कामं काढा. मी माझी सगळी रंगाची कामं कापूस वेचणीच्या दिवसांत करतो, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. हवा कोरडी असते आणि उन्हाची धग नसते. तोंडाला मास्क बांधा आणि काम अंगणात करा.

जोडणी

९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा दोन इंच तुकडा घ्या, शेतात कुठेतरी पडलेला असतोच. आतला व्यास साधारण ८५ मिलिमीटर निघतो. आतून पत्रिकेच्या पट्ट्या चिकटवत तो ८२ वर आणा. हे रिंगण झालं. सपाट फळीवर रिंगण ठेवा आणि बरोबर मध्यात क्रँककेस खिळ्याने तात्पुरती पक्की करा. सिलिंडर खुंटीवर बसवायचा, माथा रिंगणाला टेकला की उंची बरोबर. कमी पडला तर बुडाशी कागदाची चकती, जास्त झाला तर बुडाशी घासणी. आधी वरचा लावा, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं खाली येत जा. राहिलेली चूक शेवटी खालच्या फटीत दोन्हीकडे सारखी वाटली जाते आणि तिथे सम्प येऊन ती झाकते. दोन्ही कान समोरून सारखे दिसतायत ना, हे प्रत्येक सिलिंडरला चिकटण्याआधी पाहा.

चिकटवायला इथे दोन नळ्यांचा एपॉक्सी वापरा. रंगवलेल्या भागाजवळ सुपरग्लू भरपूर लावलात आणि वर डबा झाकलात तर त्याच्या वाफेने काळ्या रंगावर पांढरी बुरशीसारखी साय धरते. माझे तीन सिलिंडर त्यात पुन्हा रंगवावे लागले.

पुशरॉडच्या नळ्या म्हणजे उदबत्तीच्या काड्या. मसाला खरवडून काढा, पॉलिश पेपरमधून ओढून सव्वा मिलिमीटरवर आणा. प्रत्येक सिलिंडरला दोन, समोरच्या बाजूने, क्रँककेसच्या नाकाजवळून निघून वर दोन कानांकडे फाकत जाणाऱ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. अठराही काड्या खिळ्याच्या खाचेतूनच एका लांबीच्या कापा आणि चकचकीत काळ्या रंगवा. नऊ व्ही एकसारखे फाकलेले दिसले की इंजिन एकदम जिवंत होतं.

आता २४ गेजची तार. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, एक समोर, एक मागे. एक बंद पडला तरी दुसरा काम करतो, शिवाय जळणही नीट होतं. म्हणजे एकूण अठरा तारा. मागच्या नऊ तारा काउलिंग बसल्यावर दिसत नाहीत, त्या सोडून द्या. समोरचा प्लग दोन कानांच्या मधोमध, किंचित खाली. त्यासाठी आगपेटीच्या काडीचा दोन मिलिमीटरचा तासलेला तुकडा पुरतो. तारा एका गोल कड्यातून निघतात. हे कडं काही इंजिनांत समोर असतं, काहींत सिलिंडरांच्या मागे असून तारा दोन सिलिंडरांच्या मधून पुढे येतात. इथे अंदाज चालणार नाही, तुमच्या विमानाच्या फोटोत ज्या बाजूला आहे त्याच बाजूला करा. तारेला नैसर्गिक वळण द्या, ताणलेली तार खोटी दिसते. इनॅमलचा तांबूस रंग तसाच ठेवलात तरी शोभतो. मी वरून पातळ तपकिरी फिरवतो.

सिलिंडरच्या बुडाशी नटांची रांग असते. टाचणीच्या टोकाने फेविकॉलचे थेंब ठेवा, वाळल्यावर राखाडी करा. दोन थेंब एकमेकांत मिसळले तर लगेच ओल्या काडीने पुसा. हे काम सकाळच्या उजेडात करा.

ऑइलचे डाग आणि काउलिंग

रेडियल इंजिन बंद ठेवलं की ऑइल झिरपत खालच्या सिलिंडरांत उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी माणसं पंखा हाताने फिरवून बघत. खाली साठलेल्या ऑइलने पिस्टन अडला असेल तर ते तिथेच कळतं, नाहीतर पिस्टनला जोडलेला दांडा वाकतो. मॉडेलवर ही गोष्ट दाखवायची असेल तर डाग फक्त खालच्या चार सिलिंडरांवर आणि सम्पवर. तपकिरी आणि काळा ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून सिलिंडरच्या बुडाशी टेकवा, आपोआप खाचांत ओढला जातो. वरच्या सिलिंडरांवर डाग कशाला येतील? आणि एवढ्यावर थांबा. शर्यतीचं विमान पुसून, पॉलिश करून मैदानात आणत, कारण अंगावरची धूळसुद्धा वेग खाते. लढाऊ विमानांच्या मॉडेलांवर शोभतो तसा चिखल आणि काजळी इथे नको.

इंजिनाच्या मागे काळी चकती लावा, म्हणजे आरपार उजेड दिसत नाही. काउलिंग आतून ॲल्युमिनियम रंगवा. वेगाच्या विमानांत हे झाकण किती मोलाचं होतं ते सांगतो. १९२८ साली अमेरिकेच्या नाका या संस्थेने लँगलीच्या प्रयोगशाळेत अशा काउलिंगची चाचणी घेतली तेव्हा एका कर्टिस विमानाचा वेग इंजिन तेच ठेवून ताशी ११८ मैलांवरून १३७ वर गेला. हवा समोरून आत येते, फिन्समधून जाते आणि मागच्या कडेच्या फटीतून बाहेर पडते. म्हणून मागची फट बुजवू नका. नवखे तिथे पुट्टी भरून गुळगुळीत करतात आणि मग हवेला जायला वाटच उरत नाही.

इंजिन काउलिंगमध्ये न चिकटवता सरकवून बघा. चारही बाजूंना सारखी मोकळी जागा हवी. पत्रिकेचा तुकडा सगळीकडून सारखाच आत जातो का, तेवढं पाहा. वरची खूण वर आहे ना, सम्प खाली आहे ना, ते पुन्हा एकदा बघा. मगच एपॉक्सी. पंख्याचा दांडा म्हणून सायकलचा आरा, पुढे पंखा. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पात्यांची वळणं त्याप्रमाणे लावा.

तयार मॉडेल टिनाच्या छपराखाली ठेवू नका. मे महिन्याच्या दुपारी तिथे फेविकॉलचे सांधे मऊ पडतात आणि लाकडाला पीळ येतो. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून चार फुटांच्या आतल्या कोनाड्यात, काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याखाली ठेवा. डब्याच्या तळाशी दोन भोकं पाडा, म्हणजे पावसाळ्यात आत दमटपणा कोंडणार नाही.